रिझर्ववर बेळगाव ते केरी: नॉब फिरवल्यावर गाडी नक्की किती जाते

चोर्ला घाटाच्या रस्त्याने गोव्याला जाणाऱ्या आपल्या बेळगावकरांची एक जुनी खोड आहे, टाकीत पेट्रोल कमी असलं तरी इथं भरायचं नाही, "साखळीत भरू की, तिकडं स्वस्त हाय" (साखळी म्हणजे घाट उतरल्यावरचं गोव्यातलं गाव). स्वस्त आहे हे खरंच, जून २०२४ मध्ये कर्नाटकाने पेट्रोलवरचा विक्रीकर वाढवला तेव्हा लिटरमागं तीनेक रुपये चढले आणि गोव्याशी असलेला फरक अजूनच डोळ्यात यायला लागला, पाच-सात रुपये सहज. पण मग होतं काय, जांबोटीच्या आसपास मोटरसायकल रिझर्वला येते, म्हणजे टाकीच्या तळातलं राखीव पेट्रोल तेवढं उरतं, आणि पुढचा सगळा घाट माणूस निसर्ग बघायचा सोडून मनातल्या मनात भागाकार करत बसतो. रिझर्वला किती जाते असं कुणालाही विचारा, एक म्हणणार तीस, दुसरा म्हणणार आरामात शंभर, आणि दोघांनीही मोजलेलं नसतं.

म्हणून यंदा दिवाळी झाल्यावर मी आणि माझा मावसभाऊ ठरवूनच निघालो. माझी जुनी कार्बोरेटरवाली स्प्लेंडर मुद्दाम रिझर्ववर कोरडी करायची, त्याची नवी इंजेक्शनवाली (कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारून देणारी) गाडी सोबतीला, आणि घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या दोन डब्यांत एकेक लिटर पेट्रोल. मावशी दारात उभी राहून म्हणाली, "पेट्रोल संपवायला गोव्याला जाऊलासा व्हय? इथं गल्लीत संपीवा की."

निघायच्या आधी एक काम गॅरेजात केलं, आणि खरं सांगू तर अख्ख्या ट्रिपमधलं सगळ्यात उपयोगी काम तेच. आधी रिझर्व म्हणजे काय ते बघा. वेगळी टाकी वगैरे काही नसते. घरावरच्या पाण्याच्या टाकीला एक नळ जरा वर आणि एक अगदी तळाशी काढलेला असावा, तसं आहे. टाकीखाली पेट्रोलचा जो छोटा नळ असतो तो कॉक, त्यावरच नॉब असतो, आणि कॉकमधून टाकीच्या आत एक उभी नळी जाते, नॉब ऑनवर असला की पेट्रोल त्या नळीच्या वरच्या तोंडातून येतं, पातळी त्या तोंडाच्या खाली गेली की पुरवठा बंद. नॉब रिझर्वला फिरवला की तळाजवळचं भोक उघडतं. म्हणजे नळीच्या उंचीएवढं जे पेट्रोल खाली राहिलं ते रिझर्व, बास.

आता मोजायचं कसं. टाकी पूर्ण रिकामी केली, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी, कार्बोरेटरकडे जाणारा पाइप काढून खाली मापाचं भांडं लावलं, नॉब ऑनवर ठेवला आणि वरून मापाने पेट्रोल ओतत गेलो. पाइपातून पहिले थेंब पडायला लागले तोवर साधारण १.३ लिटर आत गेलं होतं. मग नॉब रिझर्वला फिरवून जेवढं येतंय तेवढं येऊ दिलं, तर भांड्यात आलं १.१ लिटरच्या आसपास. मधलं जे २०० मिली गायब झालं ते टाकीतच आहे पण कॉकपर्यंत पोचत नाही. गाडीच्या पुस्तकातला रिझर्वचा आकडा वाचताना हे ध्यानात ठेवा, बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना एक ते दोन लिटरच्या मधे काहीतरी लिहिलेलं असतं, पण तो आकडा सगळ्या रिझर्वचा आहे की वापरता येणाऱ्या रिझर्वचा ते नीट बघा. हे काम उघड्यावर करा, मोबाइल आणि सिगरेट दोन्ही लांब, आणि इंजिन थंड असताना.

कागदावरचा हिशोब असा झाला, १.१ लिटर आणि माझी गाडी साध्या रस्त्याला लिटरमागं साठ देते, म्हणजे ६६ किलोमीटर. आता रस्त्यावर.

पिरनवाडीच्या नाक्यावरून खानापूरचा रस्ता सोडून जांबोटीकडे वळलो. टाकीत पेट्रोल मोजूनच घातलं होतं त्यामुळे कुसमळीच्या अलीकडेच गाडीने आचके द्यायला सुरुवात केली. इथं नवीन पोरांसाठी सांगतो, आचके आले की ब्रेक मारून बाजूला घ्यायची घाई नको, अॅक्सिलेटर थोडा सोडा, डावा हात खाली घालून नॉब फिरवा, दोन-चार सेकंदात गाडी परत उचलते. हे बघून करायचं काम नाही, हाताला सवय पाहिजे, ट्रॅफिक नसताना कधीतरी चालत्या गाडीवर करून बघा. ट्रिप मीटर शून्य केला आणि मलप्रभा ओलांडली.

जांबोटी ते कणकुंबी रस्ता तुम्हाला माहीतच आहे, दोन्हीकडे दाट जंगल, दक्षिणेला भीमगड अभयारण्य, आणि मोबाइलला नेटवर्क आलं तर आलं. चढ-उतार इतके की वेग काही एकसारखा राहत नाही, तिसरा-चौथा तिसरा-चौथा चालूच. अॅव्हरेज खाणारी गोष्ट हीच, आणि हे कागदावरच्या साठात धरलेलं नसतं. कणकुंबीत माउलीच्या देवळापाशी थांबलो, मलप्रभेचा उगम तिथंच आहे, ज्यांनी फक्त गाडीतून जाताना पाटी बघितलीय त्यांनी एकदा उतरून बघा. चहा घेतला. मावसभाऊ एवढ्यात तीनदा विचारून झाला की संपलं का.

कणकुंबी सोडून थोडं पुढं गेलो तर एक मनुष्य बायकोसह रस्त्याकडेला उभा, गाडी किक मारून मारून घामाघूम. पेट्रोल संपलेलं. मी विचारलं रिझर्वला केलं का, तर म्हणाला करतोय पण काय होईना. वाकून बघितलं तर नॉब आधीपासून रिझर्वलाच. मागच्या खेपेला रिझर्वला आली, पंपावर टाकी भरली आणि नॉब परत ऑनवर आणायचा राहिला, मग तेव्हापासून गाडी रिझर्ववरच चालू. अशावेळी आचके देऊन सांगणारं कुणीच नसतं, संपलं की एकदम सगळंच संपतं. मी तर म्हणेन रिझर्ववर अडकणाऱ्या दहातले निम्मे लोक पेट्रोल कमी भरल्यामुळे नाही तर नॉब न फिरवल्यामुळे अडकतात. पंपावर झाकण लावलं की हात लगेच नॉबवर गेला पाहिजे. आमच्याकडचा एक डबा त्यांना दिला, बाई म्हणाल्या पैसे घ्या, मावसभाऊ म्हणाला राहू दे वहिनी, गोव्यात स्वस्त मिळतंय.

एक आडवी गोष्ट, टाकीत पेट्रोल दिसतंय आणि तरी गाडी आचके देत बंद पडतेय असं झालं तर झाकण उघडून बघा. झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं, ते मातीने बुजलं की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण उघडल्यावर फुस्स आवाज येऊन गाडी सुरू झाली तर दोष तिथं आहे.

चोर्ला. कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र इथं एकमेकांना येऊन मिळतात आणि मग गोव्याच्या बाजूला रस्ता एकदम खाली उतरायला लागतो. मला वाटलेलं उतारावर काय, पेट्रोल लागतच नाही, तिथं किलोमीटर फुकट मिळणार. मिळाले पण, थोडे. गंमत वेगळीच झाली. चढावर एकदाही न अडखळलेली गाडी उतार लागल्यावर अडखळायला लागली, ट्रिप मीटरवर सेहेचाळीस. कारण साधं आहे, माझ्या गाडीचा कॉक टाकीच्या मागच्या अंगाला आहे, चढावर गाडीचं तोंड वर असतं तेव्हा पेट्रोल मागं सरकून कॉकवर येतं, उतारावर सगळं पुढं जातं आणि कॉक उघडा पडतो. म्हणजे रिझर्वचा शेवटचा पाव लिटर चढाला उपयोगी आहे, उताराला तेवढा नाही. तुमच्या गाडीचा कॉक कुठं आहे ते एकदा वाकून बघाच.

इथं लोक सर्रास एक करतात ते करू नका, इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये घाट उतरवणे. इंजिनचा ब्रेक जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, तो तापला की पकडत नाही, आणि चोर्ल्याची वळणं काय माफ करणारी नाहीत. इंजेक्शनवाल्या बहुतेक गाड्यांत तर गियरमध्ये ठेवून अॅक्सिलेटर पूर्ण सोडला की पेट्रोल फवारणं तसंच बंद होतं, मग न्यूट्रल करून वाचवणार काय?

रस्ता जरा सपाट झाला तिथं गाडी पूर्ण बंद पडली. मग तो प्रसिद्ध उपाय, गाडी डावीकडे आडवी करायची. टाकीच्या पोटाला मधे खोलगट खाच असते, फ्रेमचा दांडा तिथून जातो, त्यामुळे शेवटचं पेट्रोल दोन कप्प्यांत वाटलं जातं आणि उजवीकडचं कॉककडे येऊ शकत नाही. कॉक डावीकडे असेल तर गाडी डावीकडे चांगली झुकवा, दोघांनी धरून, हँडल जवळजवळ जमिनीला लागेपर्यंत, आत खळखळ आवाज येतो. सरळ करून थोडं थांबा, कार्बोरेटरची वाटी भरू दे, मग किक. सुरू झाली. अजून पाच किलोमीटर भरले आणि अंजुणे धरणाच्या आसपास, केरीच्या अलीकडे, ती खरोखर संपली. एकूण एक्कावन्न. दुसरा डबा ओतून साखळीला जाऊन टाकी फुल केली आणि नॉब ऑनवर.

म्हणजे कागदावर ६६ आणि घाटात ५१, त्यातले शेवटचे पाच गाडी आडवी करून मिळवलेले. नंतर हीच गाडी निपाणीच्या बाजूला हायवेला पन्नासच्या वेगाने एकसारखी चालवली तेव्हा साठाच्या पुढं गेली होती. तेव्हा रिझर्वला अमुक किलोमीटर असं एक उत्तर नाहीच, गाडी तीच आणि पेट्रोल तेवढंच असून रस्त्याने एवढा फरक पडतो. मागं माणूस आणि सामान असेल तर अजून कमी. मी आता माझ्यापुरता नियम केलाय, मोजलेल्या रिझर्वचा निम्मा आकडाच खरा धरायचा, म्हणजे माझ्या गाडीला तीस, आणि तेवढ्यात पंप येत नसेल तर आधीच भरायचं. पन्नास रुपये वाचवायला जंगलात गाडी ढकलण्यात काय शहाणपण आहे? आठ-नऊ लिटरवर वाचून वाचतात तेवढेच.

नव्या गाड्यांबद्दल. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले तेव्हापासून बहुतेक गाड्या इंजेक्शनवर गेल्या, नॉबच नाही, फक्त काटा आणि दिवा. हा प्रयोग त्यांच्यावर अजिबात करू नका, पेट्रोलचा पंप टाकीच्या आत बुडालेला असतो आणि त्याला थंड ठेवायचं कामही पेट्रोलच करतं, कोरडा फिरला की त्याचं आयुष्य कमी होतं आणि तो बदलायला जे पैसे लागतात त्यात तुमच्या गोव्याच्या किती चकरा होतील बघा. शिवाय घाटात काटा नाचतो, मावसभावाचा दिवा चढावर लागायचा आणि उतारावर विझायचा, एकदा लागला की लागला असं समजून चला. या गाडीतून दुसऱ्याला पेट्रोल काढून देणंही सोपं नाही, कार्बोरेटरवाल्या गाडीचा पाइप काढला की बाटली भरते.

रिझर्व कधीच न वापरणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. टाकीच्या तळाला गंज, कचरा आणि पाणी बसतं, आपल्याकडे जांबोटी-खानापूरचा पाऊस म्हणजे झाकणातून थोडंफार पाणी जाणारच. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, आपल्याच चिकोडी-संकेश्वरकडच्या उसाचंही त्यात असेल, ते पाणी धरून ठेवतं आणि प्रमाणाबाहेर झालं की वेगळं होऊन खाली बसतं. ऐन जंगलात पहिल्यांदा रिझर्वला फिरवलं आणि तो सगळा गाळ कार्बोरेटरमध्ये गेला तर पेट्रोल असून गाडी बंद. पावसाळा संपला की कॉकची जाळी साफ करून घ्या आणि अधूनमधून घराजवळच थोडं अंतर रिझर्ववर चालवा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी मोजलेलं अॅव्हरेज आज धरू नका.

आता जाणाऱ्यांसाठी रस्त्याचं. चोर्ल्याला जायचं तर बेळगाव किंवा पिरनवाडीतच भरून घ्या, पुढं कुठला पंप उघडा मिळेल यावर विसंबू नका. अनमोडने जाणाऱ्यांनी खानापुरात, आणि हल्याळ-दांडेलीकडून जोयड्याच्या जंगलात शिरणाऱ्यांनी दांडेलीत. रोख पैसे ठेवाच, फोनवरून पैसे द्यायला नेटवर्क लागतं. गावातल्या दुकानात बाटलीतलं पेट्रोल मिळतं कधीकधी, जास्त पैसे घेतात त्याचं काही नाही, पण उजेडात धरून रंग बघा, वास घ्या, रॉकेलचा संशय आला तर अर्ध्या लिटरच्या वर घेऊ नका, पंपापर्यंत पोचण्यापुरतंच. प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल घेऊन उन्हातून फिरू नका, आणि पत्र्याचा डबाही गळ्यापर्यंत भरू नका, तापल्यावर फुगायला जागा पाहिजे. अंधार पडायच्या आत कणकुंबी मागं टाका, धुकं आलं की तिथं पुढची गाडी दिसत नाही, आणि बंद पडलेली तुमची गाडी मागून येणाऱ्या ट्रकला त्याहून दिसत नाही.