कचरा पुढे कुठे जातो, हे लिहून ठेवणारं गाव

मी मूळची नागपूरची. सध्या राहते त्या गावात कचरागाडी दाराशी येत नाही. जपानच्या शिकोकू बेटावर, तोकुशिमा प्रांतात हे लहानसं गाव आहे. गल्लीच्या कोपऱ्यावर निळी जाळी पसरलेली एक जागा आहे. ठरलेल्या दिवशी, सकाळी आठच्या आत, आपली पिशवी आपणच तिथे नेऊन जाळीखाली सरकवायची. जाळी कावळ्यांसाठी. इथले कावळे आपल्याकडच्यांपेक्षा चांगले दांडगे, पिशवी उघडी सापडली की रस्ताभर पसारा करून ठेवतात. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, प्लास्टिकची वेष्टनं एकदा, काच, डबे आणि कागदाचे वार वेगळे. पिशवी पारदर्शक असते, त्यामुळे आत काय भरलंय ते जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसतं. भलत्या दिवशी भलती वस्तू ठेवली तर गाडीवाले त्यावर चिठ्ठी चिकटवतात आणि पिशवी तिथेच सोडून जातात. ती जागा झाडायची पाळी घराघरांत फिरते.

नागपूरला फोनवर हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: एवढा वेळ कोणाजवळ आहे बाप्पा?

वेळ लागतो, खरं आहे. पण किती, ते एका दुधाच्या डब्यावरून सांगते. इथे दूध जाड कागदाच्या डब्यात मिळतं. शेजारच्या आजींनी मला शिकवलं: डबा रिकामा झाला की त्यात थोडं पाणी घालून खळखळवायचं आणि ते कुंडीत ओतायचं. मग कात्रीनं एका कडेनं खालपर्यंत कापत जायचं, तळ मोकळा करायचा, डबा सपाट उलगडायचा आणि सिंकच्या बाजूला उभा करून वाळवायचा. आठ-दहा जमले की सुतळीनं गठ्ठा बांधायचा. पुढे त्याचा टॉयलेट पेपर होतो. आजींचे हात हे सगळं गप्पा मारता मारता करतात.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी आईही हेच करते. दुधाच्या पिशव्या धुऊन ओट्यावरच्या टाइल्सला चिकटवायच्या, वाळल्या की एकात एक घालून ठेवायच्या आणि कबाडीवाला आला की त्याच्या काट्यावर द्यायच्या. रद्दी वेगळी, पुठ्ठा वेगळा, पत्रा वेगळा. 2018 च्या महाराष्ट्राच्या प्लास्टिकबंदीतही दुधाच्या पिशव्या ग्राहकांकडून पैसे देऊन परत घेण्याची तरतूद होती. म्हणून 'आपल्या लोकांना वळण नाही' असं कोणी म्हटलं की मला पटत नाही. ज्या वस्तूचं पुढे काय होतं हे ठाऊक असतं, ती वस्तू आपल्या घरात नीट वेगळी होतेच.

काही गोष्टींत इथली पद्धत उलटी आहे. 2001 पासून टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन आणि एसी टाकायचा असेल तर त्याच्या पुनर्वापराचे पैसे मालकालाच भरावे लागतात. हे ऐकून आई म्हणाली, "म्हणजे जुना फ्रीज न्याले तूच पैसे द्याचे? इथं तर कबाडीवाला आपल्यालेच देऊन जाते." तळणाचं उरलेलं तेल घट्ट करायची पावडरही दुकानात मिळते. गरम तेलात टाकली की निवल्यावर त्याची वडी होते आणि ती जळणाऱ्या कचऱ्यात जाते. दिवाळीच्या चकल्यांनंतर ही पावडर फार कामी येते.

आता याच प्रांतातल्या कामिकात्सुबद्दल, शीर्षकातलं गाव ते हेच. तोकुशिमा शहरापासून गाडीनं तासाभरावर, डोंगरात असलेलं हे गाव, वस्ती दीड हजाराच्याही आतली आणि त्यातले निम्मे लोक साठी-पासष्टीच्या पुढचे. 1990 च्या दशकापर्यंत हे गाव आपला कचरा उघड्यावर जाळत असे. मग छोट्या भट्ट्या आणल्या, पण कचरा जाळताना तयार होणाऱ्या डायऑक्सिन या विषारी रसायनांचे नियम कडक झाले आणि त्याही बंद कराव्या लागल्या. मोठी भट्टी बांधण्याइतका पैसा गावाजवळ नव्हता. मग कचरा वेगळा करण्याशिवाय इलाजच उरला नाही. 2003 मध्ये त्यांनी 'शून्य कचरा' हे ध्येय जाहीर केलं आणि वर्गवारी पुढे 45 प्रकारांपर्यंत गेली. शंभर टक्के जमलं नाही, पण ऐंशी टक्क्यांच्या आसपास कचरा तिथे परत वापरात जातो. साऱ्या जपानची सरासरी वीस टक्क्यांच्या घरात आहे.

कामिकात्सुचं कचरा वेगळा करायचं केंद्र मी बघून आले. गावात कचरागाडी नाहीच, लोक आपापल्या गाडीतून कचरा तिथे आणतात आणि ज्यांना जमत नाही त्या म्हाताऱ्यांकडून तो घरून नेला जातो. ओला कचरा केंद्रात येतच नाही, तो घरीच जिरवायचा. मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले ती तिथल्या पाट्यांसमोर. प्रत्येक पेटीवर लिहिलेलं आहे: ही वस्तू इथून कुठे जाते, तिचं काय होतं, आणि एका किलोमागे गावाला किती येन मिळतात किंवा किती मोजावे लागतात. ॲल्युमिनियमचे डबे पैसे आणतात, ज्याचं पुढे काहीच होऊ शकत नाही ते पैसे खातं. हिशेब असा उघडा मांडल्यावर वेगळं कोणाला सांगायची गरज राहत नाही.

मला आपल्या नागपुरात हवी आहे ती ही पाटी. जपानच्या भट्ट्या नकोत. हा देश आपला बहुतेक कचरा जाळतो, एकेक बिस्कीट वेगळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळतो, त्यातलं काहीही उचलण्यासारखं नाही. शिवाय आपला निम्म्याहून जास्त कचरा ओला, तो जाळायचा कसा? 2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घरातला घातक असे तीन भाग करायला सांगितले. माझ्या वहिनीनं मनापासून दोन डबे केले होते. एके सकाळी दोन्ही डबे गाडीच्या एकाच कप्प्यात रिकामे होताना तिनं पाहिले. दुसऱ्या दिवसापासून घरात पुन्हा एकच डबा. तिला मी दोष देणार नाही.

शहराला जमत नाही असंही नाही. भांडेवाडी म्हटलं की आपल्याला कचऱ्याचा डोंगर आणि उन्हाळ्यातला धूर आठवतो. त्याच भांडेवाडीत रोज 130 दशलक्ष लिटर क्षमतेचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प आहे आणि तिथलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. आपल्या न्हाणीतल्या पाण्यावर वीज तयार होते, हे नागपुरातल्या किती घरांना माहीत आहे? कोणी सांगितलंच नाही.

दिवाळीत मी घरी येते आहे. गल्लीतल्या कबाडीवाल्या भाऊंशी फोनवर बोलणं झालंय. पिशव्या, पुठ्ठा, पत्रा, बाटल्या यांचा किलोचा भाव आणि माल पुढे कुठे जातो ते मला सांगायला ते तयार आहेत. घरातल्या ट्यूबलाइट आणि बॅटऱ्यांचा पत्ताही शोधून काढायचा आहे. चौकातल्या दुकानाच्या भिंतीवर एक मोठा फलक लावायचा, एवढं ठरलंय. आईला सांगितलं तर तिनं लगेच सुधारणा सुचवली: "फलक लाव, पण पेंटनं नको लिहू. कबाडीवाल्याचा भाव दर महिन्याले बदलते. खडूनं लिही."