वरचं दार उघडं

वडकी, शनिवार, रात्री दहा

लाइट सहापासून गेलेली आहे. मैना, आमची घोडी, कडबा चावतेय, तो आवाज ओसरीपर्यंत येतोय, म्हणून लिहायला बसले. तासाभरापूर्वी हात थरथरत होते.

दुपारी तीनला दिवे घाटावर आभाळ काळंनिळं झालं आणि वारा एकदम पडला. मैनेला माझ्याआधी कळलं. चरायचं सोडून कान टवकारून उभी. फोनवर ‘दामिनी’ उघडलं. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं केलेलं हे ॲप आहे. सासवडच्या अंगाला विजेचे ठिपके दिसले. पहिला गडगडाट व्हायच्या आत म्होरकी घालून तिला पागेत आणली. वीज चमकायला लागल्यावर मोकळ्या रानातून घोडी ओढत आणणं म्हणजे दोघींच्या जिवाशी खेळ. बांधावरचं तारेचं कुंपण आणि एकटा गुलमोहर, या दोन्हींपासून तिला लांब ठेवायचं, हे आबांनी मला फार लहानपणी शिकवलं. झाडावर पडलेली वीज जमिनीतून पसरते. घोड्याचे पुढचे नि मागचे पाय एकमेकांपासून लांब टेकलेले असतात, त्यामुळे दोन ठिकाणच्या विजेच्या दाबातल्या फरकानं प्रवाह सगळ्या अंगातून जातो. माणूस वाचेल तिथं घोडं जातं.

आत आणली की झालं, असं मी गेल्या वर्षीपर्यंत धरून चालले होते.

गेल्या वळवाला मी दाराच्या दोन्ही फळ्या लावल्या, अगाडी, म्हणजे पुढचा दोर, आखूड बांधली आणि वाटलं, आता ही सुरक्षित. गारा पत्र्यावर आदळायला लागल्या तशी ती दोन पायांवर उभी राहिली. दोर तुटला, आणि तिच्या भुवईच्या वर जखम झाली, तीन टाके पडले. ती खूण आजही हाताला लागते. मला कळेना. ही वरातीची घोडी, ताशा कानाशी वाजला तरी बुजत नाही, बँडच्या मधून चालते. आबांना विचारलं, तर म्हणाले, “अगं, बँड तिला दिसतो. गारा कुठं दिसत होत्या?”

ते वाक्य वर्षभर डोक्यात राहिलं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, जवळजवळ सगळीकडचं त्याला दिसतं. कान तर मागं वळवून ऐकतो. भीती वाटली की आधी बघायचं आणि मग पळायचं, एवढंच त्याच्याजवळ आहे. मी तिच्याकडून दोन्ही काढून घेतलं होतं.

यंदा एप्रिलमध्येच पत्र्यावर उसाचं पाचट पसरून वर जाळी आवळली. आज अगाडी-पिछाडी काहीच बांधलं नाही. खालची फळी लावली, वारा न येणाऱ्या बाजूची वरची उघडी ठेवली. शेळीला शेजारच्या खणात तिच्या नजरेसमोर आणलं. मैनेच्या तोंडाला लागणार नाही इतक्या उंच, वाशाला सेलचा दिवा टांगला. उजेडातून अंधारात आलं की घोड्याची नजर जमायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. लख्ख वीज आणि मग मिट्ट काळोख, यानं ती अधिकच बावरते. चंदी दिली नाही, नुसता कडबा. बुजलेल्या घोड्याला दाणा नको, चावत राहणं बरं.

गारा आल्या. तिनं खणात दोन गरके घेतले, श्वास मोजला तर मिनिटाला चाळीस. एरवी उभ्या उभ्या तो आठ ते सोळा असतो. आत जावंसं फार वाटत होतं, पण घाबरलेल्या घोडीबरोबर चार भिंतींत शिरायचं नाही. फळीबाहेर उभी राहिले आणि स्वतःचाच श्वास सावकाश केला. बराच वेळ ती बाहेर बघत होती. मग आपणहून फळीशी आली. मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथं खाजवलं, घोडी एकमेकींना तिथंच खाजवतात. थोड्या वेळानं मान खाली गेली, आणि ती लांब फुरफुरली. मला रडू आलं.

नंतर गोणपाटानं तिला कोरडं केलं, खूर साफ केले. चिखल तसाच राहिला तर खूर कुजतो. जबड्याखाली बोट लावलं, नाडी चाळीस. पाणी प्यायली, लीद टाकली. वादळात घोडं पाणी टाळतं आणि त्यानं पोटशूळ उठतो, म्हणून लीद दिसेपर्यंत मला चैन नव्हतं.

उद्या उरुळीत वरात होती. आबांनी फोन करून नाही सांगितलं. पलीकडचा माणूस खूप बोलला. हंगामातली शेवटचीच वरात, पैसे हवे होते. तरी आबांनी योग्य केलं.

महिन्याभरानं माउलींची पालखी हाच घाट चढेल. तिचे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून पायी आळंदीला येतात, ऊन-पाऊस अंगावर घेत. यंदा त्यांचं दर्शन घेताना त्यांच्या शेजारी चालणाऱ्या माणसाचे हात नीट बघायचेत.

घाटापलीकडे पुन्हा चमकलं. बारा मोजले तेव्हा आवाज आला, म्हणजे चारेक किलोमीटर. दिव्याचे सेल बदलून येते.