मीटरमध्ये न आलेलं पाणी

मे संपत आला होता. रात्री वादळ झालं, पाऊस नावालाच पडला, पण केळीच्या बागा आडव्या झाल्या आणि पहाटेपर्यंत लाइट नव्हती. तापीकाठच्या एका शहरातल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात मी केमिस्ट आहे. सकाळी खालच्या भोईवस्तीतल्या नानांचा फोन आला. "ताई, मासा वर ई ऱ्हायनात, तोंड उघडीसन. तुम्ही ईसन देखा."

आमच्याकडचे निकाल चांगले होते. हरित लवादाने 2019 मध्ये प्रक्रिया केलेल्या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरला 10 मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलं, तो आम्ही ठेवत होतो. तरी बाटल्या आणि रसायनं घेऊन निघाले, कारण मासा उगाच वर येत नाही.

उन्हाळ्यात आमच्या भागात तापी वाहते कमी, डोहांत थांबते जास्त. पाणी कोमट झालं की त्यात मुळातच प्राणवायू कमी मावतो. त्यात मैला मिसळला की तो खाणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायू संपवतात. नाल्याच्या तोंडाशी चिलापी पालथ्या पडल्या होत्या, काही अजून कल्ले हलवत होत्या. नाना गुडघाभर पाण्यात उभे राहून जिवंत मासे हाताने वरच्या अंगाला ढकलत होते.

काठावरच बाटल्या भरल्या. विरघळलेला प्राणवायू बघायचा तर पाण्यात आधी मँगनीज सल्फेट घालायचं, मग अल्कली आयोडाइड, आणि बूच लावून बाटली उलटसुलट करायची. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. नाल्याच्या वरच्या अंगाला घेतलेल्या बाटलीत तो छान बसला. नाल्याच्या तोंडाशी भरलेली बाटली पांढरीच राहिली, दुधासारखी. नाना वाकून दोन्ही बाटल्यांकडे बघत राहिले. त्यांना वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही.

मग हे आलं कुठून? पावसाचा लोंढा नव्हता. केंद्रावर परत येऊन मी आवक मीटरची नोंद काढली. मध्यरात्रीनंतर आकडा घसरला होता आणि सकाळच्या ऐन वापराच्या वेळीही तो वर आला नव्हता. शहराने अंघोळी केल्या, भांडी घासली, संडास वापरले, पण ते पाणी आमच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

ते अडलं होतं, शहराचा मैला केंद्राकडे ढकलणाऱ्या नाल्याकाठच्या पंपहाऊसमध्ये. लाइट गेल्यावर जनरेटर सुरू झाला नाही. लाइट आली तेव्हा दोनपैकी एकच पंप चालला, दुसरा कितीतरी दिवस उघडून ठेवलेला. जाळीवर चिंध्या, सॅनिटरी पॅड, गुटख्याच्या पुड्या आणि हॉटेलांच्या तेलाचा थर असा गच्च गठ्ठा बसला होता. पंपाखालची मैला साठायची विहीर भरली आणि मैला वरच्या पाइपातून सरळ नाल्यात गेला. रजिस्टरमध्ये 'बायपास', म्हणजे प्रक्रियेविना बाहेर गेलेला मैला, या रकान्यात लिहिलं होतं: निरंक, म्हणजे शून्य. मागच्या सगळ्या पानांवरही निरंकच. ऑपरेटर पोरगा घाबरून म्हणाला, "मॅडम, लिहिलं तर ठेकेदाराला दंड बसतो, आमची हजेरी जाते."

मला त्याचा राग आला नाही. राग आला तो खरी नोंद करणाऱ्यालाच मारणाऱ्या पद्धतीचा. कच्च्या मैल्याचा बीओडी दोनशेच्या घरात असतो. म्हणजे तासभर बायपास झाला की आमच्या केंद्राच्या वीस तासांच्या शुद्ध पाण्याइतका भार नदीवर पडतो. आम्ही इकडे दहाचे नऊ करायला झटतो आणि तिकडे एका रात्रीत सगळं वाहून जातं.

इंग्लंडमध्ये पावसात गटारं तुंबली की नदीत पाणी सोडायचे सांडवे असतात. तिथल्या पाणी कंपन्यांनी 2023 अखेरपर्यंत अशा सगळ्या सांडव्यांवर मीटर बसवले: कधी सुरू झाला, किती वेळ वाहिला. त्याने नद्या स्वच्छ झाल्या असं मी म्हणत नाही, तिथेही लोक चिडलेलेच आहेत. पण निदान चिडायला हातात आकडा आहे.

त्याच दुपारी जाळी साफ केली, जनरेटरची बॅटरी बदलली. माणूस विहिरीत उतरवायचा नाही हे मी आधीच बजावलं होतं, गठ्ठा यंत्रानेच उपसला. साहेबांपुढे मीटरचा कागद आणि दोन्ही बाटल्यांचे फोटो ठेवले आणि दोनच गोष्टी मागितल्या: ओव्हरफ्लोच्या पाइपात पाणी आलं की फोनवर संदेश देणारा फ्लोट, आणि बायपासची खरी नोंद करणाऱ्याला दंड नाही. दंड लावायचा तर बंद पंपाला लावा. थोडी कुरबूर झाली, पण दोन्ही मान्य झालं. दुसरा पंप आठवड्याने बसला.

आता पावसाळ्याची घाई आहे. गच्चीचे पाइप मैल्याच्या चेंबरला जोडलेल्या इमारती भरपूर आहेत. पहिल्या जोरदार सरीत ते पाणी पंपांना झेपणार नाही. वॉर्डावॉर्डात चेंबर उघडून यादी चालली आहे. हॉटेलांना चरबी अडवणारी टाकी बसवायच्या नोटिसा निघाल्यात. आणि फ्लोटच्या संदेशात मी नानांचाही नंबर घालून घेतला आहे.