तक्त्यातलं शून्य

पश्चिम साउथ डकोटातल्या एका माळाच्या उतारावर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही वनस्पतींची मोजणी केली. तिंप्सिलाच्या रकान्यात मी शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी लाकोटा या तिथल्या मूळ अमेरिकन जमातीतल्या एका आजींनी वाळलेल्या तिंप्सिलाची हातभर वेणी दाखवली. ‘‘तुमच्याच उतारावरचे. जूनमध्ये काढले.’’

तिंप्सिला हा लाकोटांचा जुना कंद, शेंगवर्गातला. आपली बावची पूर्वी ज्या सोरालिया प्रजातीत मोडायची, त्याच प्रजातीत हाही होता. खोडावर पांढरी लव, पंजासारख्या पाच पर्णिका, निळसर फुलं, आणि जमिनीखाली कोंबडीच्या अंड्याएवढं फुगलेलं मूळ. बी पिकलं की खोड जमिनीलगत तुटतं आणि वाऱ्यावर गडगडत बी सांडत जातं. वर खूण राहत नाही. लाकोटा पंचांगात जून हा तिंप्सिलाचाच महिना. आमच्या मोजणीच्या तारखा मात्र गवतांना तुरे येण्यावर ठरतात. गवत ओळखायला जुलै उत्तम, पण याला उशीर झालेला असतो, हे तारखा ठरवणाऱ्यांना दर वर्षी सांगावं लागतं.

काढण्याचा नेमका काळ म्हणजे फुलं सुकून शेंडा पिवळा पडू लागतो ते दिवस. पूर्वी टोक भाजून कडक केलेली काठी वापरत, आता पहार. ती खोडापासून वीतभर दूर, तिरकी रोवायची आणि उचकायची. खोडालाच धरून ओढलं तर ते हातात येतं, कंद खालीच राहतो. आसपास ल्युपिन असेल तर जपावं: त्याचीही पानं पंजासारखी, पण ते विषारी. खाली फुगीर कंद नसेल तर ते झाड सोडून द्यायचं. कंद काढला की झाड संपतं, म्हणून बिया असलेला शेंडा त्याच खड्ड्यात पुरून माती दाबायची.

साल त्याच दिवशी काढावी. ताजी असताना ती चामड्यासारखी उभी सोलली जाते, वाळली की गराला घट्ट चिकटते. खालची बारीक शेपटी कापायची नाही, तिचीच तर वेणी घालतात. वेणी हवेशीर सावलीत टांगायची. पुढे हे कंद रात्रभर भिजवून, बराच वेळ शिजवून मांस-मक्याच्या रश्श्यात पडतात. कुटलेलं पीठ वोजापीला, म्हणजे रानटी बेरीफळं शिजवून केलेल्या रसाला, दाटपणा आणतं.

आजींनी आणखी एक सांगितलं. लहान मुलांना आया म्हणत, तिंप्सिलाच्या एका झाडाची फांदी दुसऱ्या झाडाकडे बोट दाखवते, तिकडे चालत जा. आमच्या मोजणीसाठी आखलेल्या पट्ट्या सरळ रेषेत जातात.

त्या उतारावर माती हलवायची की नाही, हे आमच्या तक्त्यावरून ठरणार आहे. मी दुरुस्तीचा अर्ज दिला. उत्तर आलं की मोजणीच्या दिवशी दिसलं तेवढंच धरलं जातं. शून्य अजून तसंच आहे. शेजारी मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय: जूनमध्ये पाहा.