आर्सच्या फादरांचं घर

ल्योंहून व्हिलफ्रांशपर्यंत रेल्वे, पुढे सोन नदी ओलांडून टॅक्सी, की आलं आर्स. सगळीकडे शेतं, मध्ये चिमुकलं गाव आणि गावाच्या मानाने अवाढव्य बॅसिलिका, म्हणजे मानाचं मोठं चर्च. आमच्या वसईत ४ ऑगस्टला संत जॉन व्हियान्नींचा सण आला की आपापल्या फादरांना शुभेच्छा द्यायच्या. ते या आर्सचेच फादर, आणि धर्मग्रामांतल्या (पॅरिशमधल्या) धर्मगुरूंचे आश्रयदाते संत ना! म्हणून पॅरिसचा एक दिवस कापून मी इथं आले.

बॅसिलिकेत काचेच्या पेटीत त्यांचा देह आहे, चेहऱ्यावर मेणाचा मुखवटा. लोक गुडघे टेकून होते, पण मी तिथं फारशी रमले नाही. रमले ती शेजारच्या त्यांच्या जुन्या घरात.

खाली स्वयंपाकघर. या घरात ते आठवड्याचे बटाटे एकदमच उकडून ठेवत आणि भूक लागली की त्यातले एक-दोन गारढोण खात. शेवटच्या बटाट्यांना बुरशी धरलेली असे, तरी चालायचं. वर त्यांची झोपायची खोली. एकदा त्यांच्या पलंगाला आग लागली, तेव्हा हे म्हणाले, सैतानाला पक्षी सापडला नाही म्हणून त्याने पिंजरा जाळला. ही थट्टा वाचून मला पहिल्यांदा हा माणूस आवडला.

तोवर जरा धाकच वाटत होता. १७८६ मध्ये दार्दियी गावी शेतकऱ्याच्या घरी जन्म. धर्मगुरू व्हायला लागणारं लॅटिन काही केल्या डोक्यात शिरेना. एकुली गावचे फादर बाले पाठीशी उभे राहिले म्हणून १८१५ मध्ये कशीबशी धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. १८१८ मध्ये आर्सला पाठवलं, तेव्हा वस्ती जेमतेम अडीचशेची. आल्या आल्या त्यांनी दारूचे गुत्ते आणि नाच यांच्याविरुद्ध मोहीमच उघडली. गुत्त्यांचं समजू शकते, पण पोरांनी नाचलं तर काय बिघडलं, असं आपलं मला वाटतं.

पापनिवेदनासाठी, म्हणजे फादरांपाशी आपली पापं कबूल करायला, मात्र फ्रान्सभरातून रीघ लागायची. उन्हाळ्यात ते दिवसाला सोळा-सोळा तास त्या लाकडी खोक्यात बसत. अज्ञानी म्हणून त्यांच्याविरुद्ध इतर धर्मगुरूंनी बिशपांकडे तक्रारअर्ज फिरवला, तो यांच्याही हाती आला, तर यांनी त्यावर स्वतःची सही ठोकून दिली, असं सांगतात.

या सगळ्याला तेही कंटाळत. मठात जाऊन एकांतात राहायचं म्हणून ते अनेकदा गाव सोडून निघाले. १८५३ मध्ये तर मध्यरात्री निघाले, तेव्हा चर्चची घंटा वाजवून अख्खं गाव उठवण्यात आलं आणि लोकांनी त्यांना परत आणलं. घरी येऊन ते पुन्हा पापनिवेदन ऐकायला बसले, ते १८५९ मध्ये देह ठेवीपर्यंत.

जाणार असाल तर बॅसिलिका आधी उरका आणि या घरासाठी भरपूर वेळ ठेवा. परतीच्या टॅक्सीचं आधीच ठरवा, गावात ऐनवेळी मिळेलच असं नाही.