खोल दिसण्याची हौस

काही माणसं साध्या प्रश्नाचंही सरळ उत्तर देत नाहीत. चहा घेणार का असं विचारलं तरी आधी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे टक लावून बघतात आणि मग म्हणतात, "चहा... चहा हा शेवटी एक विराम असतो." आपण गॅसपाशी आधण ठेवून उभे. घ्यायचाय की नको, ते कळतच नाही. अशा माणसांचा मला राग येत नाही, गंमत वाटते. खोल दिसायची धडपड सुरू झाली की नेमका तेव्हाच माणसाचा तळ दिसायला लागतो, आणि तो त्याच्याखेरीज सगळ्यांना दिसतो.

मुंबईत हे लोक बघायचे तर नाटकाच्या मध्यंतरासारखी वेळ नाही. शिवाजी मंदिरला बटाटावड्यासाठी गर्दी झालेली असते. नाटक जमलंय की फसलंय, एवढंच खरं तर सांगायचं असतं. पण हातातल्या वड्यावर फुंकर घालत एक जण म्हणतो, "हे नाटक रिकाम्या जागांमध्ये घडतंय." शेजारचे दोघे माना डोलावतात. मला तोवर रिकाम्या फक्त मागच्या चार रांगा दिसलेल्या असतात.

एकदा मावशीला घेऊन काळा घोड्याच्या एका गॅलरीत गेले होते. मावशीचा जन्म गिरगावच्या चाळीतला, तिला चित्रांपेक्षा तिथला एसी जास्त आवडला. एका मोठ्या कॅनव्हासवर मधोमध काळा गोल होता आणि भोवती तपकिरी रंगाचे थर. शेजारी चिकटवलेल्या कागदावर 'अनुपस्थितीचं भूदृश्य', 'स्मृतीच्या परिघावरची पोकळी' असं काहीबाही होतं. मावशीने तो कागद दोनदा वाचला, पर्स सावरली आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या मुलाला थेट विचारलं, "म्हणजे काय हो?" तो चित्रकारच निघाला. जरा लाजला. म्हणाला, "मावशी, ती आमच्या गावातली विहीर आहे. रस्ता रुंद करताना बुजवली. वरून डांबर घातलं, पण पावसाळ्यात अजून तिथंच रस्ता खचतो." मग विहिरीचं तोंड केवढं होतं, कोण पोहायचं, ते तो हातवारे करून सांगत राहिला. मावशी म्हणाली, "आमच्या चाळीतल्या विहिरीवर जाळी होती." दोघांचं छान जमलं. बाहेर पडल्यावर तिने चर्चगेटची 1725 सालची भिका बेहराम विहीर बघायचा हट्ट धरला आणि आम्ही ती बघूनच घरी गेलो. चित्र खरंच चांगलं होतं. डांबराखाली खचणारा रस्ता कळल्यावर तर ते अंगावर आलं. त्या कागदाने मात्र विहीर दुसऱ्यांदा बुजवली होती.

बोजड भाषेने माणूस हुशार वाटत नाही, हे कुणी तपासूनही पाहिलंय. तेव्हा प्रिन्स्टन विद्यापीठात असलेल्या मानसशास्त्रज्ञ डॅनियल ओपनहायमर यांनी विद्यार्थ्यांच्या प्रवेश-निबंधांतले साधे शब्द काढून तिथे कोशातले लांबलचक शब्द घातले आणि लोकांना वाचायला दिले. भाषा जितकी जड, तितका लिहिणारा वाचकांना कमी बुद्धीचा वाटला. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या एकाच उताऱ्याची दोन भाषांतरं दिली, तेव्हा अवघड भाषांतराने खुद्द देकार्तचेही गुण कमी झाले! 2006 साली छापलेल्या त्या निबंधाचं शीर्षक त्यांनी मुद्दाम अगडबंब ठेवलं होतं. त्याच वर्षी त्याला साहित्याचं इग नोबेल मिळालं. हे पारितोषिक आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात.

पण मग हे लोक खपतात कसे? कारण खपतात हेही खरंच. 2015 साली कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या संशोधकांनी संगणकाकडून भारदस्त शब्दांची वाक्यं जुळवून घेतली. व्याकरण चोख, अर्थ शून्य. तरी बऱ्याच जणांना त्यात काही ना काही खोल सापडलं. मला याचं नवल वाटत नाही. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी साचलं की खाली वीतभर खड्डा आहे की पुरुषभर, ते वरून कळत नाही. पाणी गढूळ असतं, आणि शहाणा माणूस खोल समजूनच पाऊल टाकतो. शिवाय 'मला नाही कळलं' म्हणायला चारचौघांत धीर लागतो. मावशीकडे तो जन्मजात आहे. आपल्यासारख्यांनी दोन पुस्तकं जास्त वाचलेली असतात, म्हणून आपण मान डोलावतो.

तिचा तो प्रश्न मी तेव्हापासून उचललाय. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही असतं, तो 'म्हणजे काय?' विचारल्यावर खूश होतो. उदाहरण देतो, कागद मागतो, लोकलच्या धुरकट काचेवर बोटाने आकृती काढतो. नसतं तो तेच वाक्य पुन्हा म्हणतो, फक्त जरा सावकाश.

विषय अवघड असू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. गीतेचे श्लोक 700, आणि ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये त्यावर 9,000च्या वर ओव्या रचल्या. एवढ्या ओव्या का लागल्या? ऐकणाऱ्याच्या मनातला 'म्हणजे काय' त्यांना आधीच ऐकू येत असावा. एका दृष्टान्ताने भागलं नाही तर दुसरा, मग तिसरा. विचार तरीही अवघडच राहतो, पण माणूस दाराबाहेर ताटकळत नाही.

कॉलेजातल्या पोरांना मात्र यातून सूट द्यावी. विसाव्या वर्षी मरीन ड्राइव्हला बसून 'सगळंच व्यर्थ आहे' म्हणायचं नाही तर केव्हा म्हणायचं? भेळ आली की ती खातातही मजेत. पन्नाशीतला माणूस तेच म्हणतो आणि भेळेकडे बघतसुद्धा नाही, तेव्हा अवघड होतं.

अलीकडे उलटाच प्रकार बोकाळलाय, आणि तो पकडणं जास्त कठीण. खोल दिसण्यासाठी साधं दिसायचं. 'मी आपला साधा माणूस, मला काय कळतं' असं म्हणून हे लोक आधी जमीन सपाट करतात आणि मग बोलायला लागतात. आमच्या सोसायटीतले एक काका वार्षिक सभेत असेच उठले. "मी काही विचारवंत नाही," म्हणाले. विषय गच्चीवरच्या टाकीच्या दुरुस्तीचा. काका टाकीवरून तानसा धरणावर गेले, धरणावरून माणसाच्या तहानेवर आणि तहानेवरून थेट मोक्षावर. आल्याचा चहा गार झाला. शेवटी सेक्रेटरीबाई पेन हातात धरून म्हणाल्या, "काका, म्हणजे टाकीला तुमची मंजुरी आहे असं लिहू ना?"

"म्हणजे काय! आहेच की," काका म्हणाले, आणि वेफर्सची बशी पुढे ओढली.