बाबांपेक्षा चार वर्षांनी लहान कातळ

बाबा १९५५ चे, आणि ज्या कातळावरून त्यांना चालवायचं मी ठरवलंय तो १९५९ चा. फेब्रुवारीत आई-बाबा आमच्याकडे बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, येतायत आणि त्यातले सहा दिवस आम्ही हवाईच्या मोठ्या बेटावर, म्हणजे बिग आयलंडवर जाणार आहोत. खरं सांगायचं तर या सगळ्या ट्रिपचा जीव एका सकाळीत आहे, किलाउएआ इकी नावाच्या विवरात उतरून, त्याच्या तळावरून चालत पलीकडे जाऊन पुन्हा वर चढायचं. बाकी बीच वगैरे आहेच, ते होईल तसं होईल.

बाबांनी सातारा जिल्ह्यातल्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला. दर वर्षी जूनमध्ये फळ्यावर तोच ज्वालामुखी, खाली शिलारस, मधे नळी, वर मुख, लाल खडूने लाव्हा. मग खिडकीतून डोंगराकडे हात करून सांगायचे, पोरांनो हे सगळं लाव्हाचं आहे, थरावर थर साचून झालेलं. मी स्वतः त्यांच्या वर्गात बसलेय म्हणून ते वाक्य त्यांच्या आवाजासकट कानात आहे. पण आपला दख्खनचा कातळ साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, तो लाव्हा होता हे मानून घ्यावं लागतं. लोणारला आम्हाला सहलीला नेलं होतं तेव्हा खूप जणांना वाटायचं की हे ज्वालामुखीचंच विवर, एके काळी अभ्यासकही तसंच मानायचे, पण बाबांनी काठावर उभं राहून सगळ्यांना बजावून सांगितलं की हे उल्का आदळून झालंय. परवा फोनवर तीच आठवण निघाली तर म्हणाले, "म्हणजे बघ, आयुष्यभर ज्वालामुखी शिकवला आणि खरं विवर एकही बघितलं नाही." ते सहजच बोलले, पण फोन ठेवल्यावर मी तिकिटं काढायलाच बसले.

आधी डायमंड हेड बघितलं कारण सगळे तेच सांगतात. होनोलुलूत आहे, विवराच्या आतून सुरुवात करून काठावर चढायचं, बोगदा आहे, पायऱ्या आहेत, वरून समुद्र दिसतो, आणि बाहेरच्या लोकांना २०२२ पासून आधी ऑनलाइन बुकिंग करूनच जावं लागतं. छान असणारच. पण ते स्फोटात उडालेल्या राखेचं विवर, राख घट्ट होऊन झालेला पिवळट तपकिरी खडक, आणि बाबांना हवाय आपल्यासारखा काळा कातळ. दुसरं माउई बेटावरचं हालेआकाला. तिथे सूर्योदयाला बुकिंग लागतं ते चालेल हो, पण माथा दहा हजार फुटांच्या वर, त्यातून आधी खाली उतरायचं आणि दमल्यावर विरळ हवेत वर चढायचं, बाबांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत त्यामुळे ते मी मनातूनच काढून टाकलं. शिवाय वाचताना कळलं की तिथलं ते प्रचंड मोठं "विवर" मुळात पाण्याने झिजून तयार झालेली दरी आहे आणि त्यात नंतर छोटे उद्रेक झालेत. बाबांनी हे लगेच पकडलं असतं!

किलाउएआ इकीचं मात्र वाचत गेले आणि झोपच उडाली. इकी म्हणजे छोटा, किलाउएआ या ज्वालामुखीच्या मोठ्या विवराशेजारचं हे धाकटं विवर, जमीन खचून झालेलं, एक मैलभर लांब, म्हणजे आपल्या लोणारपेक्षा थोडंसंच लहान. १४ नोव्हेंबर १९५९ ला रात्री त्याच्या दक्षिणेकडच्या भिंतीला भेग पडली आणि लाव्हा खाली सांडायला लागला. छत्तीस दिवस थांबून थांबून चाललं, सतरा टप्पे झाले. कारंजं चालू असलं की तळं भरायचं आणि कारंजं थांबलं की तोच लाव्हा उलटा त्याच भोकात परत आत वाहून जायचा, मोरीत पाणी जातं ना तसा. त्याची खूण अजून आहे, भिंतीला चारी बाजूंनी काळा पट्टा, तळ्याची पातळी किती वर चढली होती ते दाखवणारा. सगळ्यात उंच कारंजं ५८० मीटरचं. बाबांना समजावं म्हणून मी सांगितलं की साताऱ्यातून अजिंक्यतारा जेवढा वर दिसतो त्याच्या जवळजवळ दुप्पट, तर पलीकडून दोन मिनिटं आवाजच नाही, मग म्हणाले, "थांब, मी गच्चीत जाऊन बघतो."

आणि वाऱ्याची गंमत बघा, तिथले व्यापारी वारे (हो तेच, सातवीच्या पुस्तकातले) उडालेली राख आणि खडे एकाच दिशेला नेत राहिले, म्हणून विवराच्या एकाच बाजूला पुउ पुआई नावाची टेकडी तयार झाली आणि तिच्या पलीकडचं जंगल गाडलं गेलं. खाली राहिलं शंभरेक मीटर खोल लाव्हाचं तळं. वरून साय धरली पण आत गरमच. शास्त्रज्ञ १९६० पासून पुढे १९८८ पर्यंत त्या सायीला भोकं पाडून आत कुठवर थिजलंय ते मोजत होते, आणि पूर्ण घट्ट व्हायला १९९० च्या दशकाचा मध्य उजाडला. म्हणजे मी शाळेत बाबांचा खडूचा ज्वालामुखी वहीत उतरवत होते तेव्हा तिथे खाली खराखुरा लाव्हा अजून शिल्लक होता. आजही पाऊस पडला की पाणी भेगांतून झिरपतं, खालच्या गरम दगडाला लागतं आणि वाफ होऊन वर येतं. मला ती वाफ बाबांना दाखवायचीय. हात धरायला लावायचाय तिच्यावर, अर्थात लांबून आणि जपून.

आता प्रत्यक्ष प्लॅन. पूर्ण फेरी ३.३ मैल, म्हणजे ५.३ किलोमीटर, दोन-तीन तास सांगतात, आम्ही चार धरलेत. उतार आणि चढ ४०० फूट, अजिंक्यताऱ्याच्या निम्म्याहून कमीच. बाबांचा उजवा गुडघा चढताना काही म्हणत नाही, उतरताना दुखतो, त्यामुळे कुठल्या दिशेने जायचं यावर आमच्या घरात आठवडाभर चर्चा चालली होती. हे विवर हवाई व्होल्केनोज नॅशनल पार्कमध्ये आहे, आणि पार्कवाले घड्याळाच्या उलट दिशेने जा म्हणतात, म्हणजे आधी काठाकाठाने पश्चिमेला चालत जायचं, मग दगडी पायऱ्यांनी खाली, मग तळ ओलांडून पूर्वेच्या नागमोडी वाटेने वर. उलट गेलं तर नागमोडी वाटेने उतरणं सोपं पडेल पण मग शेवटी थकल्यावर त्या ओबडधोबड पायऱ्या चढायच्या. शेवटी पार्कवाल्यांचंच ऐकायचं ठरलं, दोन काठ्या, गुडघ्याचा पट्टा, आणि काठावरची वाट सपाट असल्याने तोवर पाय मोकळे होतील. हो आणि उतरायच्या आधी बाबांनी नको म्हटलं तर तिथूनच मागे फिरायचं, काठावरूनही सगळं विवर दिसतं, हे मी त्यांना आत्ताच सांगून ठेवलंय कारण ऐनवेळी ते माझ्यासाठी म्हणून उतरतील, मला माहितीये.

राहायचं बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोनाला नाही. स्वस्त विमान कोनाला मिळतं म्हणून बरेच जण तिथूनच एका दिवसात करून येतात, पण जायलाच दोन-अडीच तास गाडी, परत यायला तेवढेच, वयस्कर माणसांना घेऊन हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही पार्कच्या गेटजवळच्या व्होल्केनो नावाच्या गावात दोन रात्री घेतल्यात. पार्क चोवीस तास उघडं असतं, गाडीमागे ३० डॉलर, सात दिवस चालतात, रोख घेत नाहीत, आणि या वाटेला वेगळं बुकिंग नाही. खरी अडचण पार्किंगची, जागा थोडी आणि दहानंतर गाडी लावायला मिळणं मुश्कील, म्हणून सातला तिथे. तळावर सावली नाही, पाणी नाही, टॉयलेट नाही, ते सगळं आधी उरकायचं. माणशी दोन लिटर पाणी घ्यायचं.

कपड्यांचं आईला समजावताना सोपं उदाहरण सापडलं, ही जागा साधारण ४००० फुटांवर आहे, महाबळेश्वरपेक्षा थोडी खाली, म्हणजे धुकं, भुरभुर पाऊस, मधेच ऊन, मग परत गारठा. हवाई म्हटल्यावर तिने सगळे कॉटनचे ड्रेस काढून ठेवले होते, आता स्वेटर आणि रेनकोट आधी बॅगेत गेलाय. बूट मात्र घासून धुऊन न्यायचेत. तिथे ओहिया नावाचं झाड आहे, लाल झुपकेदार फुलं येतात, लाव्हावर सगळ्यात आधी उगवणाऱ्या झाडांपैकी एक, त्याला सध्या बुरशीचा रोग लागलाय आणि तो बुटांच्या मातीतून पसरू शकतो म्हणून वाटेच्या सुरुवातीला ब्रश ठेवलेले असतात. तळावर वाट दाखवायला दगडांचे छोटे ढीग आहेत, आहु म्हणतात, ते हलवायचे नाहीत आणि हौसेने नवीन रचायचेही नाहीत, धुक्यात माणूस भलतीकडे जातो. आपल्याकडे गडांवर लोक असे ढीग रचून फोटो काढतात ते बघून मला नेहमी वाईट वाटतं.

आईचा प्रश्न वेगळाच होता. तिने विचारलं, "तिथली देवी कोण?" मी पेलेबद्दल सांगितलं, ज्वालामुखीची देवी, किलाउएआ हेच तिचं घर, आणि तिथली माणसं ओहेलोची फळं स्वतः खायच्या आधी तिला देतात. आई लगेच म्हणाली, "अगं मग नैवेद्यच झाला की, आपण नारळ नेऊया, ओटी भरूया." इथे मला तिला थांबवावं लागलं. पार्कात असं काही ठेवू नका म्हणतात, आणि मला ते पटतं, नेने नावाचे तिथले दुर्मिळ हंसासारखे पक्षी आहेत त्यांना आपलं खाणं बाधू शकतं. शिवाय ती त्यांची देवी, त्यांची पद्धत त्यांना माहीत. आई जरा हिरमुसली पण मग म्हणाली नमस्कार तर करता येईल ना. तो करता येईलच. दगड उचलून आणायचा नाही हे मात्र दोघांनाही दोनदा सांगितलंय, कायद्यानेच बंदी आहे, आणि नेलेले दगड नंतर मन खायला लागलं म्हणून पोस्टाने परत पाठवणारे लोक दर वर्षी असतात.

एक काळजी आहे ती वायूची. शेजारच्या मोठ्या विवरात, हालेमाउमाउमध्ये, २३ डिसेंबर २०२४ ला नवा उद्रेक सुरू झाला, तोही असाच टप्प्याटप्प्याने, एखादा दिवस कारंजं उडतं आणि मग काही दिवस शांत. आमच्या दोन दिवसांत तसं काही दिसलं तर बाबांचं काय होईल मला कल्पनाही करवत नाही. पण त्याबरोबर सल्फर डायऑक्साइड येतो आणि आईला थोडा दमा आहे. साध्या मास्कने वायू अडत नाही, त्यामुळे रोज सकाळी पार्कच्या साइटवर हवेचे आकडे आणि कुठल्या वाटा बंद आहेत ते बघायचं, आणि वारा आमच्या बाजूला असेल तर आई हिलो शहरात थांबणार, मी आणि बाबा जाणार किंवा कोणीच जाणार नाही. २०१८ मध्ये तर भूकंप आणि खचण्यामुळे पार्कचा बहुतेक भाग चार महिन्यांहून जास्त बंद होता. म्हणून दोन रात्री, एक सकाळ हुकली तर दुसरी हाताशी.

वेबकॅमची लिंक बाबांना पाठवली ती चूक झाली की काय असं वाटतंय, कारण आता ते साताऱ्यात बसून दिवसातून चार वेळा विवर बघतात आणि मला मेसेज करतात, आज धूर जास्त आहे, आज ढग आहेत. सकाळी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर चालायला जायला लागलेत, काल अर्ध्यावर जाऊन आले, गुडघा ठीक. आणि आज फोटो आला. जुनं भिंग, पितळी कडीचं, शाळेत खडकांचे नमुने दाखवायला वापरायचे ते. १९५९ च्या त्या लाव्हात ऑलिव्हिन या खनिजाचे हिरवे कण खूप आहेत असं मी त्यांना सांगितलं होतं ना. खाली लिहिलंय, "केबिन बॅगेत चालेल का विचार. दगड उचलणार नाही, वाकून बघेन."

चालतं. विचारलं मी.